रिकामी कबर आणि ख्रिस्ती श्रद्धेचा पाया

गोव्यात नाताळ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. डिसेंबर उजाडला की घरोघरी कागदी नक्षत्रे लागतात, अंगणात गोठे उभे राहतात आणि नेवऱ्या, दोदोलांची ताटे धर्माचा भेद न मानता शेजारी पोहोचतात. ईस्टरचे तसे होत नाही. उपवासकाळातील मिरवणुका दिसतात, गुड फ्रायडेची सुट्टी लक्षात राहते. त्यानंतरचा रविवार मात्र बिगर-ख्रिस्ती शेजाऱ्याच्या ध्यानात न येताच निघून जातो. चर्चच्या पंचांगातील मानाचा क्रम नेमका उलटा आहे. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून पाळल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधील असून ती इ. स. ३३६ची आहे. ईस्टरची तिथी कोणती धरावी यावरचा वाद त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शतकाच्या मध्यावर, स्मर्नाचे वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना रोमपर्यंत घेऊन गेला होता. चार शुभवर्तमानांपैकी मार्क व योहान या दोहोंत येशूच्या जन्माची कथाच नाही; त्याचे मरण आणि तिसऱ्या दिवशी रिकामी सापडलेली कबर मात्र चारही ग्रंथांत आहे. जन्मकथेशिवाय ख्रिस्ती धर्मग्रंथ लिहिता आला. पुनरुत्थानाशिवाय तो लिहिता आला नाही.

असे का, याचे सर्वांत रोखठोक उत्तर एका पत्रात सापडते. इ. स. ५३ ते ५५च्या सुमारास, म्हणजे येशूच्या मरणानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, प्रेषित पौलाने इफिस येथून करिंथ या ग्रीक बंदरातील छोट्या ख्रिस्ती मंडळीला ते लिहिले. शुभवर्तमानांतील सर्वांत जुने मानले जाणारे मार्ककृत पुस्तकही यानंतरचे. करिंथच्या मंडळीतील काही जण मेलेल्यांचे पुनरुत्थान वगैरे काही नसते, असे म्हणू लागले होते. ग्रीक संस्कारात वाढलेल्या माणसाला हे म्हणणे स्वाभाविकच वाटले असणार. आत्मा अमर असेल, पण शरीराचे ओझे पुन्हा कशाला? पौलाने तडजोड केली नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आपला प्रचार पोकळ, तुमचा विश्वास निष्फळ, आपण देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरलो आणि जे आप्त या विश्वासात निवर्तले ते कायमचे गेले, असा त्याचा युक्तिवाद आहे. मग खावे, प्यावे आणि उद्याचे मरण पाहावे, इथपर्यंत तो जातो. चार्वाकाच्या तुपाची आठवण व्हावी असे ते स्थळ आहे.

धर्माच्या इतिहासात हे विरळ मानले पाहिजे. बहुतेक परंपरा आपली शिकवण घटनेच्या खरेखोटेपणावर टांगून ठेवत नाहीत. एखाद्या संताच्या चरित्रातील चमत्कार कोणी नाकारला तरी त्याची वचने उरतात. पौलाने ही पळवाट स्वतःच बंद केली. येशूचे डोंगरावरील प्रवचन कितीही थोर असो, तो तिसऱ्या दिवशी उठला नसेल तर या श्रद्धेला उभे राहायला जमीन नाही, हे तिच्या पहिल्या मोठ्या भाष्यकारानेच लिहून ठेवले आहे.

पण मेलेला एक माणूस जिवंत झाला, एवढ्यावर सारा विश्वास का उभा राहावा? याची उकल यहुदी परंपरेत आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सीरियाचा राजा चौथा अंतियोख याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली, तेव्हा नियमशास्त्र मोडण्यापेक्षा मरण पत्करणारे लोक निघाले. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात एक आई व तिचे सात मुलगे यांची कथा आहे. निषिद्ध मांस खाण्यास नकार दिला म्हणून त्या मुलांचा एकेक करून छळ होतो. त्यांतला एक हात पुढे करतो आणि ज्याने हे अवयव दिले तोच ते परत देईल, असे म्हणतो. पुनरुत्थानाची आशा अशा प्रसंगांत बळावली. नीतीने वागणारा छळात मरावा आणि छळणारा पलंगावर मरावा, तर देवाचा न्याय कुठे आहे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. येशूच्या काळी परूशी ही आशा मानत. मंदिराची सत्ता हाती असलेले सदूकी ती मानत नसत. प्रस्थापितांना अंतिम न्यायनिवाड्याची घाई नसावी, हे समजण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर क्रूस ठेवून पाहावा. रोमन साम्राज्यात ती गुलामांना व बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. मारण्याइतकाच नागवे करून लाजवणे हा तिचा हेतू असे. शिवाय मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे झाडावर टांगलेला माणूस देवाच्या शापाचा धनी. म्हणजे येशूविरुद्ध रोमचा निकाल लागला होता, मंदिराच्या पुढाऱ्यांचा लागला होता आणि शास्त्राचा शब्द वाचला तर देवाचाही. शिष्य पांगले ते केवळ भीतीने नव्हे. त्यांच्या दृष्टीने प्रकरण संपले होते. देवाने त्याला उठवले, या वाक्याचा त्यांना कळलेला पहिला अर्थ असा की वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. क्रूसावरचा मनुष्य निर्दोष होता, त्याने देवाविषयी सांगितले ते खरे होते, आणि पुनरुत्थान युगाच्या अंती सर्वांचे होणार असे जे मानले जाई त्याचा आरंभ एकापासून झाला. पौल त्यासाठी पिकाच्या पहिल्या पेंढीची उपमा वापरतो. पहिली पेंढी हाती आली की शेत पिकले, एवढे शेतकऱ्याला कळते.

मराठी वाचकाची अडचण इथे सुरू होते, कारण आपल्या कानांना मरणोत्तर जीवनाच्या अनेक कथा परिचित आहेत आणि पुनरुत्थान त्यांपैकी एखादीत बसवून टाकण्याचा मोह होतो. ते पुनर्जन्मात बसत नाही. पुनर्जन्मात जीव जुने वस्त्र टाकावे तसा देह टाकून दुसरा घेतो, इथे देह हे वस्त्र मानलेलेच नाही. सत्यवानाला सावित्रीने यमाकडून परत आणले, पण ते आयुष्य पुढे संपणारच होते. शुभवर्तमानातील लाजरही असाच उठतो आणि कालांतराने मरतो. येशू पुन्हा मरण नसलेल्या जीवनात गेला, असा ख्रिस्ती दावा आहे. संजीवन समाधीत योगी स्वेच्छेने देह स्थिर करतो; इथे एका माणसाला ठार मारण्यात आले होते. कृष्णावताराची समाप्ती व्याधाच्या बाणाने होते आणि भगवान निजधामाला जातात. देह लीलेपुरता असतो. येशूच्या कथेत देह मागे राहत नाही.

सासष्टीत सुमारे चाळीस वर्षे घालवलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटापुढे नेमका हाच श्रोता होता. १५७९ मध्ये ते गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या हातून जुनी पुराणे काढून घेतली गेली होती आणि त्या जागी कानांना गोड वाटेल असे काही उरले नव्हते. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे आणि त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र येते. ओवीचा छंद, पुराणाची घडण आणि अवतारकथांवर वाढलेला श्रोता घेऊन त्यांना अशी गोष्ट सांगायची होती, जिच्या शेवटी देह टाकून जाणे नाही. मराठीने ही कल्पना चारशे वर्षांपूर्वीच ऐकली आहे, हे अनेकदा विसरले जाते.

उठलेल्या देहाचे वर्णन शुभवर्तमानांत विचित्र आहे, आणि ते विचित्र ठेवले आहे हे विशेष. ओळखीची मरीया मग्दालीया त्याला माळी समजते. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्यासोबत कोस दोन कोस चालतात, पण ओळखत नाहीत. तो बंद दारांच्या खोलीत येतो आणि भाजलेला मासाही खातो. थोमा शंका घेतो तेव्हा त्याला दाखवल्या जातात त्या जखमा. नवे जीवन मिळाले म्हणून खिळ्यांच्या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत. छळ झाला होता, ही गोष्ट त्या देहात कायम आहे. पौल करिंथकरांना पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप यांचे उदाहरण देतो: तेच, पण तसेच नव्हे.

पुराव्याचे काय? रिकाम्या कबरीने एकट्याने काही सिद्ध होत नाही. शिष्यांनी प्रेत पळवले, ही त्या काळीच उठलेली वदंता मत्तयाने स्वतः नोंदवली आहे. पौल साक्षीदारांची यादी देतो: पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक जण, ज्यांतले बहुतेक तेव्हा हयात होते, याकोब आणि शेवटी तो स्वतः. त्या यादीत स्त्रियांची नावे नाहीत. शुभवर्तमानांत मात्र कबरीपाशी पहिल्यांदा जातात त्या स्त्रियाच. यहुदी इतिहासकार योसेफस स्त्रियांची साक्ष ग्राह्य नसल्याचे लिहितो, आणि दुसऱ्या शतकात सेल्सस या टीकाकाराने एका भ्रमिष्ट बाईच्या बोलण्यावर हा धर्म उभा असल्याची खिल्ली उडवली. कथा रचायचीच होती तर साक्षीला असे कोणी उभे केले नसते, हा ख्रिस्ती अभ्यासकांचा मुद्दा वजनदार आहे, निर्णायक नाही. येशू उठला अशी त्याच्या अनुयायांची खात्री झाली आणि त्या खात्रीने त्यांची आयुष्ये बदलली, इथपर्यंत इतिहास नेतो. पुढची पायरी श्रद्धेची आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ रुडॉल्फ बुल्टमान यांनी विसाव्या शतकात पुनरुत्थानाला इतिहासातील घटना न मानता क्रूसाचा अर्थ उमगणे मानले, तेव्हा मोठे वादळ उठले. उलट पिन्खास लापिदे या यहुदी विद्वानाने ती घटना खरी मानली, तरी येशूला इस्राएलचा मसीहा मानले नाही.

देहावरच्या या भराची किंमत अनुयायांनी मोजली. इ. स. १७७ मध्ये गॉलमधील लियों शहरात ख्रिस्ती लोकांना ठार केल्यावर त्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर टाकली गेली, मग जाळून राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली. उठण्याची आशाच नष्ट व्हावी, हा त्यामागचा उद्देश होता, असे युसेबियसने नोंदवले आहे. छळणाऱ्यांनाही शिकवणुकीचे मर्म बरोबर कळले होते. ज्याने शून्यातून निर्माण केले त्याला राखेतून गोळा करणे जड नाही, हे ख्रिस्ती उत्तर. पण दफनाची रीत त्यानंतरही शतकानुशतके टिकली. कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली ती १९६३ मध्ये, आणि पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन नसावे या अटीवर. २०१६च्या सूचनेने राख विखरू नये, नदी-समुद्रात सोडू नये, पवित्र स्थळी जपावी, असे स्पष्ट केले.

गोव्यातील ‘सिमितेर’ हा शब्द पोर्तुगीजमार्गे मूळ ग्रीक भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ निजण्याची जागा असा होतो. जागेच्या टंचाईमुळे अनेक गावांत काही वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या जातात आणि तीच माती दुसऱ्याला दिली जाते. दोन नोव्हेंबरला त्या कोनाड्यांपुढेही मेणबत्त्या लागतात. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधील दिवे मालवून अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावर मोठी पास्काची मेणबत्ती लावतात आणि तिच्यावर चालू वर्षाचे चार आकडे कोरलेले असतात. हीच मेणबत्ती पुढे वर्षभर बाप्तिस्म्याच्या वेळी लावली जाते, आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ ठेवली जाते.