एका लहान इंजिनाचा जीर्णोद्धार

जुन्या देवालयाचा जीर्णोद्धार काढला म्हणजे जाणता पाथरवट प्रथम पाया पाहतो; कळसास मुलामा देण्याची गोष्ट शेवटीं. जुन्या मोटारीच्या बाबतींत मात्र तरुण मंडळींचा क्रम नेमका उलटा असतो. कार्बोरेटर दुहेरी बसवावा, धुराची नळी रुंद करावी, गर्जना उत्पन्न करावी, आणि मग तीच गाडी आठवडाभर घरकामास व सवडीनें शर्यतीच्या मैदानावर न्यावी, असा त्यांचा मनोरथ. हा मनोरथ आमच्याच घरांत, आमच्या धाकट्या पुतण्याच्या मनांत, उत्पन्न झाला आहे. ज्या गाडीवर तो स्वार झाला आहे तींतूनच घरच्या वृद्धांस निफाडाहून नाशिकास डॉक्टरांकडे न्यावयाचें असतें. सबब या विषयाचा विचार आम्हांस करावा लागला.

गाडी प्रीमियर पद्मिनी. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाटची ही गाडी होत असे; पद्मिनी हें नांव तिला १९७४ पासूनचें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. टॅक्सी म्हणून ती आक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. निफाड हें न्यायमूर्ति रानड्यांचें जन्मगांव आहे. देशी कारखानदारीचा पुरस्कार करणाऱ्या त्या पुरुषाच्या गांवीं कुर्ल्याचें धडधाकट यंत्र भंगाराच्या भावानें जावें, हें आम्हांस तरी रुचत नाहीं.

टॅक्सीचें इंजिन म्हणून कोणी नाक मुरडूं नये. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ घनसेंटिमीटर हीं मापें फियाटनें इटलींत १९३७ सालींच ठरविलीं होतीं. महायुद्ध संपतांच, १९४६ सालीं, तूरिन येथील चिसितालिया या लहानशा कंपनीनें याच इंजिनावर डी-४६ ही शर्यतीची गाडी उभी केली. तिचा आराखडा फियाटचेच इंजिनियर दान्ते जाकोसा यांचा. पुढल्या वर्षीं तात्सिओ नुवोलारी या विख्यात चालकानें, वयाला चोपन्न वर्षें झालीं असतां, याच घराण्याचें इंजिन असलेली चिसितालिया हांकून मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतींत दुसरा क्रमांक मिळविला. आपल्याकडेही मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर फियाट ११०० गाड्या शर्यतींत धांवत असत.

म्हणजे पुतण्याचा हट्ट निराधार नाहीं. भेद इतकाच कीं, चिसितालियाच्या गाडीला दुसऱ्या दिवशीं कोणाच्या आजीला दवाखान्यांत न्यावयाचें नव्हतें.

आतां हिशेब पाहूं. मिनिटास ५००० फेरे घेणाऱ्या या इंजिनांत प्रत्येक पिस्टन सेकंदास सरासरी साडेबारा मीटर वेगानें खालीं-वर होतो, आणि त्या एका सेकंदांत सुमारें १६६ वेळां थांबून उलट फिरतो. वरच्या टोकाशीं उलटतांना कनेक्टिंग रॉडवर पिस्टनच्या वजनाच्या हजारपटीहून अधिक ओढ पडते. फेरे ५००० चे ६००० केले तर वेग वाढला पांचांत एक. पण ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें १.४४ पट होते. रस्त्यावर वर्षानुवर्षें निभावलेला रॉड शर्यतींत एका दुपारीं कां तुटतो, तें यावरून ध्यानांत येईल.

बोअर मोठा केला म्हणजे शक्ति वाढली, असाही एक समज आहे. चाळीस थाऊ, म्हणजे सुमारें एक मिलिमीटर, बोअर वाढविल्यास १०८९ चे ११२२ घनसेंटिमीटर होतात. शेंकडा तीन! तेवढ्यासाठीं ब्लॉकची भिंत पातळ करण्यांत शहाणपण नाहीं. बोअर घ्यावयाचा तो झिजलेला सिलिंडर पुन्हां वाटोळा व सरळ व्हावा म्हणून. वरच्या रिंगेच्या जागीं तो अधिक झिजतो, खालीं कमी. तेव्हां तीन उंचींवर, उभें व आडवें माप घेतल्यावांचून निर्णय करूं नये, आणि नवे पिस्टन हातांत आल्यावांचून बोअर घेऊं नये. आमच्या एका स्नेह्यांचा ब्लॉक एका वर्कशॉपनें पिस्टन येण्यापूर्वींच बोअर करून ठेविला. पिस्टन आले ते किंचित् लहान. सहा महिने त्या गाडीच्या मागें होळी पेटल्यासारखा निळा धूर निघत होता.

खरें काम डोळ्यांस न दिसणाऱ्या जागीं असतें. क्रँकमधील तेलाच्या वाटांचीं बुचें काढून त्या साफ कराव्या. तीस-चाळीस वर्षांचा गाळ तेथें दगडासारखा बसलेला असतो, व नव्या बेअरिंगांचा घात तोच करतो. चारही पिस्टन व चारही रॉड सोनाराच्या कांट्यावर तोलून सारख्या वजनाचे करावे. क्रँक, फ्लायव्हील व क्लच एकत्र बॅलन्स करून घ्यावीं. रिंगेची फट व्यासाच्या दर इंचास चार थाऊ, म्हणजे येथें साधारण अकरा थाऊ ठेवावी. तेलाचेंही एक पथ्य आहे. शर्यतीच्या वळणावर तेल चेंबरच्या एका बाजूस चढतें, पंपाचें तोंड उघडें पडतें, आणि क्षणार्धांत बेअरिंग जळतें. डी-४६ मध्यें याकरितां तेलाची टाकी निराळीच ठेविली होती. आपल्यास चेंबरांत पत्र्याचे दोन-तीन पडदे वेल्डिंगनें बसविले तरी पुष्कळ झालें. हें सर्व रस्त्यास जितकें हितकर तितकेंच शर्यतीस. यावरील खर्चास आम्हीं घरांत मोकळ्या मनानें संमति दिली.

वाद झाला तो पुढें. वाल्व अधिक वेळ उघडे ठेवणारी कॅमशाफ्ट पुतण्यास हवी होती. तिच्यामुळें वरच्या फेऱ्यांवर जोर येतो खरा, पण तो खालच्या फेऱ्यांकडून उसना घेतलेला असतो; नाशिकच्या द्वारका चौकांतील गर्दींत असें इंजिन उचक्या देऊं लागतें. ही मागणी आम्हीं नाकारली. हेड घांसण्याविषयीं मात्र तडजोड झाली. एका सिलिंडरचे २७२ घनसेंटिमीटर. दाबाचें प्रमाण साडेसात धरल्यास वर सुमारें ४२ घनसेंटिमीटर जागा उरते. ती चारनें कमी केली कीं प्रमाण ८.२ होतें. तेथवर ठीक. नऊ-दहाचा हव्यास धरल्यास साध्या पेट्रोलवर, वैशाखांतल्या उन्हांत, इंजिन ठोकूं लागेल.

पेट्रोलही आतां पूर्वीचें राहिलें नाहीं. त्यांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. आमच्या ऊसवाल्या तालुक्यास ही वार्ता गोड. पद्मिनीच्या जुन्या रबरी नळ्यांस नव्हे. वजनानें एक भाग पेट्रोलास १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलास ९ च. म्हणून जुनीच जेट ठेविल्यास मिश्रण पातळ पडतें व वाल्व फाजील तापतात. जेट मोठी घ्यावी, आणि नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा बसवावा.

आणि या सर्वांच्या अगोदर ब्रेक व स्टिअरिंग. पद्मिनीच्या चारही चाकांस ड्रम आहेत. एकामागून एक वळणें घेतांना ते तापून ढिले पडतात. १९४६ सालीं तूरिनच्या शर्यतींत खुद्द नुवोलारींच्या हातांत चिसितालियाचें स्टिअरिंगचें चाक निखळून आलें होतें. ते नुवोलारी होते, म्हणून निभावलें.

शर्यत करावयाची ती मैदानावरच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमानें सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवांचून शर्यत करणें गुन्हा आहे. मोटारींचीं मैदानें दूर. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथें सुमारें ३.७ किलोमीटरचें, कोइमतुराजवळ करी नांवाचें २.१ किलोमीटरचें. तेथें कांहीं मोडलें तर नेहमीचा विमा भरपाई देत नाहीं, हें पुतण्यानें स्वतःच वाचून सर्वांस सांगितलें, याचें आम्हांस कौतुक वाटलें. वहिनींची अट एकच: दवाखान्याच्या दिवशीं गाडी अंगणांत पाहिजे. फेऱ्यांची मर्यादा ५५०० ठरली.

सध्यां ब्लॉक वर्कशॉपमध्यें असून पिस्टनची वाट पाहणें चालू आहे. जोडणी झाली कीं पहिल्यानें गरम होऊन थंड झाल्यावर हेडचे नट टॉर्क पान्यानें क्रमानें पुन्हां तपासावयाचे. पहिल्या पांचशें किलोमीटरांचें तेल पांढऱ्या फडक्यांतून गाळून त्यांत धातूचा कीस येतो कीं काय तें पाहावयाचें. आणि दोन हजार किलोमीटर होईपर्यंत रेस द्यावयाची नाहीं. ते किलोमीटर निफाड-नाशिक रस्त्यावरच भरतील.