पायलटचा पांढरा शर्ट: आधी कॉलर बघा

विमान कंपनीत रोज उडणाऱ्या पायलटचा शर्ट तीन ठिकाणी आधी जातो. मानेमागे कॉलरच्या घडीवर, खांद्यावरच्या पट्टीपाशी, आणि बाह्या पूर्ण असतील तर एका हाताच्या कोपराखाली. दोन्ही हातांच्या नव्हे, एकाच. एअरबसवर कॅप्टन डावीकडे बसतो आणि त्याची साइडस्टिक डाव्या हाताला असते. को-पायलट उजवीकडे, त्याची उजव्या हाताला. तासन्‌तास तोच हात आर्मरेस्टवर घासत असतो. त्यामुळे टाकून दिलेला शर्ट हातात घेतला की घालणारा कुठल्या सीटवर बसत होता, ते बहुतेक वेळा सांगता येतं.

माझी सगळी नोकरी कापड तपासण्यात गेली. ताण देऊन फाडणं, घासून झिजवणं, धुऊन आटवणं हेच काम. निवृत्तीनंतर ही खोड सुटली नाही, उलट वाढली. भाचा पायलट झाला आणि सरावाच्या दिवसांत त्याने विचारलं, "मामा, शर्ट कुठला घेऊ?" तेव्हापासून त्याचे आणि त्याच्या मित्रांचे जुने शर्ट माझ्याकडे येतात. मी ते उसवतो, भिंगाखाली धरतो. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर किंवा बारामतीला शिकणाऱ्या मुलांचा विचार माझ्या मनात नेहमी असतो. कमर्शियल लायसन्ससाठी दोनशे तासांचं उड्डाण लागतं, त्याचा खर्च घरच्यांना वाकवून सोडतो, आणि त्यातच शर्टांचे पैसेही मोजावे लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या विमानात बसायचं म्हणजे दिवसाला दोन शर्ट भिजतात.

गणवेशाचा इतिहास थोडक्यात उरकतो. सुरुवातीचे वैमानिक उघड्या कॉकपिटमध्ये बसायचे, म्हणून चामड्याचं जाकीट आणि गॉगल. १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीने आपल्या समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना नौदलाच्या अधिकाऱ्यांसारखा पोशाख दिला. कॅप्टन हे पद आणि सोनेरी पट्ट्या तिथून आल्या, जगभर पसरल्या. कॅप्टनला चार पट्ट्या, फर्स्ट ऑफिसरला साधारणपणे तीन. पुढे कोटाच्या आतला पांढरा शर्टच रोजचा गणवेश झाला आणि पट्ट्या बाहीवरून खांद्यावर चढल्या.

आता कापड. दुकानदार 'शंभर काउंट' म्हणून भाव वाढवतो. काउंट म्हणजे सुताचा बारीकपणा. एक पौंड सुतातून ८४० यार्डांच्या किती लडी निघतात, तो आकडा. आकडा जितका मोठा, तितकं सूत बारीक आणि स्पर्श मऊ. पण टिकाऊपणाचा हा दाखला नव्हे. टिकाऊपणासाठी सूत एकेरी आहे की दुहेरी पिळाचं, हे विचारावं. आपल्याकडच्या बायकांना हे पुरुषांपेक्षा चांगलं कळतं. ब्लाउजपीस घेताना त्या 'टू बाय टू रुबिया' मागतात, म्हणजे ताणा आणि बाणा दोन्हीकडे दोन धागे पिळून केलेलं सूत. असं कापड काखेत लवकर विरत नाही. पायलटच्या शर्टाला हाच नियम लावावा. ऐंशी काउंटचं दुहेरी सूत जाडीला साधारण चाळीसच्या एकेरी सुताएवढंच भरतं, पण जास्त एकसारखं आणि जास्त चिवट असतं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. त्या गावातल्या मागाच्या शेडमध्ये मी अनेकदा उभा राहिलो आहे. तिथला जुना कारागीर कापड उजेडाकडे धरून, न मोजता, सूत एकेरी की दुहेरी ते सांगतो. भिंग असलं की ते आपल्यालाही जमतं.

सुती की टेरीकॉट, हा वाद घराघरात आहे. बाजारातला नेहमीचा पायलट शर्ट ६५ टक्के पॉलिएस्टर आणि ३५ टक्के सुताचा. तो लवकर वाळतो, चुरगळत नाही, आणि परगावच्या हॉटेलात रात्री धुऊन सकाळी घालता येतो. या सोयी खऱ्या आहेत. पण नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. मुंबईच्या दमट धावपट्टीवर घाम अंगावरच राहतो. तोच शर्ट वर गेल्यावर, जिथे हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली असते, तिथे स्थिर विजेने अंगाला चिकटतो. शिवाय आगीचा मुद्दा मला सोडवत नाही. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळतं आणि कातडीला चिकटतं. सूत जळतं, पण वितळत नाही. अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन प्रवाशांनासुद्धा कृत्रिम धाग्याऐवजी नैसर्गिक धाग्याचे कपडे घालायला सांगतं. म्हणून माझं मत ठाम आहे: सुताचं प्रमाण निम्म्याहून जास्त असावं. साठ-चाळीस मिळालं तर उत्तम. अगदी शंभर टक्के सुती हवा असेल तर रोज इस्त्रीची तयारी हवी.

यावर कोणी 'नॉन-आयर्न' सुती शर्ट सुचवेल. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लीन्स इथल्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी सुताच्या रेणूंना एकमेकांशी जोडण्यावर मोठं काम केलं. त्या संशोधनामुळे सुती कापड धुऊन सुरकुत्यांविना वापरणं शक्य झालं. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण या प्रक्रियेत सुताची ताकद कमी होते, हे मी फाडण्याच्या यंत्रावर पाहिलं आहे. असा शर्ट दिसतो झकास, पण कॉलरच्या घडीवर आधी चिरतो. रसायनांची बाबही गंभीर आहे. २०१६ साली अमेरिकन एअरलाइन्सने नवा गणवेश दिला, तेव्हा पुरळ, डोकेदुखी, श्वासाचा त्रास अशा हजारो तक्रारी आल्या, आणि पुढच्या वर्षी कंपनीने पुरवठादार बदलत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतरचा गणवेश 'ओएको-टेक्स स्टँडर्ड १००' या चाचणीतून गेलेला होता. कापडातल्या अपायकारक रसायनांची ही तपासणी १९९२ पासून चालू आहे. शर्टाच्या आत ते लेबल असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आता माझा आवडता भाग, कॉलर. आणि कॉलर म्हटलं की न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावाला जावंच लागतं.

१८२७ सालची गोष्ट सांगतात. ट्रॉयमधल्या हॅना लॉर्ड मॉन्टेग्यू नवऱ्याचे शर्ट धुऊन वैतागल्या होत्या. शर्ट स्वच्छ, मळलेली फक्त कॉलर. त्यांनी कॉलर कापून वेगळी केली, धुतली आणि परत जोडली. त्यातून सुट्या कॉलरचा धंदा उभा राहिला आणि ट्रॉय 'कॉलर सिटी' झालं. तिथल्या धुलाईघरांत उकळत्या पाण्यात आणि तापलेल्या इस्त्र्यांपाशी राबणाऱ्या बायकांची संघटना केट मुलानी यांनी १८६४ साली उभारली. अमेरिकेतल्या स्त्री कामगारांच्या पहिल्या टिकाऊ संघटनांमध्ये तिची गणना होते. ट्रॉयच्याच क्लुएट-पीबडी कंपनीच्या 'अ‍ॅरो' कॉलर देशभर खपायच्या. तो अ‍ॅरो ब्रँड आपल्याकडेही आहे.

त्याच कंपनीतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३०च्या सुमारास कापड विकण्याआधीच आटवून घेण्याचं यंत्र काढलं. तागा पिळून, ताणून येतो. पहिल्या धुण्यात तो ताण सुटतो आणि कापड आटतं. क्लुएट यांच्या यंत्राने तो ताण कारखान्यातच काढून टाकला. कापडाच्या काठावर 'सॅनफराइज्ड' असा छाप आपण लहानपणापासून पाहिला, त्यात याच सॅनफर्डचं नाव आहे. पायलटला याचं महत्त्व हिशोबाने पटेल. चाळीस सेंटिमीटरची कॉलर पाच टक्के आटली तर दोन सेंटिमीटर गेली. टाय लावून नऊ तास मान आवळून बसायचं, आणि त्या आवळलेल्या कॉलरवर दाढीचे खुंट घासत राहायचे. एक टक्का आटली तर चार मिलिमीटर, जे कळतही नाही.

ट्रॉयचा सुट्या कॉलरचा धंदा बुडवण्यात मोठा वाटा जॉन व्हॅन ह्यूसेन या माणसाचा. त्यांनी वळणावर घडी पडेल अशी मऊ कॉलर विणण्याची युक्ती काढली आणि १९२०च्या दशकात ती बाजारात आली. खळीने ताठ केलेल्या सुट्या कॉलरची मग गरजच उरली नाही. याच व्हॅन ह्यूसेनच्या नावाचा 'एव्हिएटर' शर्ट पुढे कित्येक अमेरिकी पायलटांनी वर्षानुवर्षे घातला. मला ही साखळी फार भावते. कॉलरचा प्रश्न सोडवणाऱ्याचं नावच पायलटच्या कॉलरवर आलं.

आजच्या कॉलरच्या आत काय असतं? दोन कापडांमध्ये एक अस्तर. पूर्वी ते नुसतं शिवलेलं असे, आता बहुतेक ठिकाणी चिकटवलेलं असतं. अस्तरावर चिकट रेझिनचे बारीक ठिपके असतात, आणि ते उष्णता, दाब आणि वेळ यांचा मेळ घालून वरच्या कापडाला चिकटवतात. शिंपी याला पेस्टिंग म्हणतात. यात एक जरी गोष्ट कमी पडली, किंवा वरचं कापड आणि अस्तर वेगवेगळं आटलं, तर काही धुण्यांत कॉलरवर फुगे येतात. ते कुठल्याही इस्त्रीने जात नाहीत. दुकानात कॉलरचा वरचा पदर चिमटीत धरून अस्तरापासून सुटतो का ते पाहावं. कॉलरचं टोक मुडपून सोडावं. ते लगेच सरळ झालं पाहिजे आणि वळणावर पांढुरकी रेघ उमटता कामा नये. शक्य असेल तर आधी एकच शर्ट घ्यावा, तो पाच-सहा वेळा धुवावा आणि मगच बाकीचे घ्यावेत.

अंधेरीला स्टेशनजवळ एक वयस्कर कारागीर आहेत, ते अजून कॉलर उलटवून देतात. एके काळी मुंबईत हे काम सर्रास चालायचं. कॉलरचं पान पट्टीपासून उसवायचं, घडीवर विरलेली बाजू खाली आणि खालची चांगली बाजू वर करून पुन्हा शिवायचं. पण ते कापड बघूनच काम घेतात. "साहेब, एकेरी सुताचं असलं तर मी हातच लावत नाही, उसवतानाच कापड धाग्याबरोबर येतं," असं ते म्हणाले. दोनशे रुपयांच्या आत शर्टाचं आयुष्य चांगलं वाढतं, आणि टाय लावल्यावर कुणाच्याही लक्षात येत नाही. नव्या पायलटांनी हे जरूर करून पाहावं.

खांद्यावर येऊ. पट्टी बाहीच्या शिवणीत पक्की बसवलेली असावी आणि गळ्याकडच्या टोकाला बटण असावं. सोनेरी पट्ट्यांचं आवरण दर धुण्याला काढायचं, घालायचं, म्हणून हे बटण शर्टावरच्या कुठल्याही बटणापेक्षा जास्त वापरात येतं. ते चार भोकांचं, खाली दोऱ्याचा आळा घेतलेलं हवं. सीटचे खांद्यावरचे पट्टे नेमके यावरच घासतात. खांद्याचा जोड दुहेरी कापडाचा नसेल तर तिथे आधी जाळी पडते. छातीवरचे 'विंग्ज' टाचणीने लावले की रोज नवी भोकं पडतात. डाव्या खिशाच्या वर दोन बारीक काजं शिवून घेतली की तो प्रश्न मिटतो. शर्टाची लांबी नेहमीपेक्षा जास्त आणि काख वर कापलेली असावी. डोक्यावरच्या पॅनलकडे हात नेला की तोकडा शर्ट पँटमधून बाहेर येतो, आणि काख खाली कापलेली असली तर अख्खी बाजू वर ओढली जाते. शिवणीत इंचाला चौदा-पंधरा टाके असावेत. आत रंगाशी मिळतं, म्हणजे कातडीच्या जवळच्या छटेचं बनियन घालावं. पांढरं बनियन पांढऱ्या शर्टातून उठून दिसतं.

किमतीचा हिशोब धुण्यांवर करावा. समजा नऊशेचा शर्ट चाळीस धुण्यांत गेला, तर दर वापराला साडेबावीस रुपये पडले. अठराशेचा शंभर धुणी टिकला, तर अठरा. पण पाच हजारांचा दोनशे धुणी टिकला तरी पंचवीस. महागडा शर्ट घेणाऱ्याचे पैसे बहुतेक सुताच्या बारीकपणात आणि नावात जातात. मधल्या किमतीत, दुहेरी सुताचं कापड ताग्यातून कापून घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून शिवलेला शर्ट मला नेहमी सरस वाटला आहे.

धुण्याबद्दल दोन शब्द. कॉलरवरचा काळपट पट्टा तेलाचा असतो. तो भांडी घासायच्या द्रवाने किंवा शाम्पूने आधी चोळावा, मग धुवावा. काखेतला पिवळेपणा घाम आणि डिओडरंटमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांतून येतो. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर तो वाढू शकतो. ऑक्सिजन ब्लीचमध्ये कोमट पाण्यात भिजवावं. खळ घालू नये, कारण ताठ कॉलर घडीवर मोडते. धोबीघाटावर आपटून धुतलेल्या शर्टाची बटणं आधी जातात. सावलीत, उलटा करून वाळवावा.

आणि शर्ट एकेक करून घेऊ नयेत. पांढऱ्यातही निळसर, मोतिया, दुधी अशा छटा असतात. चकाकी आणणारं रसायन प्रत्येक खेपेला थोडं वेगळं पडतं, म्हणून सहा-सात शर्ट एकाच ताग्यातून शिवून घ्यावेत. उरलेलं अर्धा मीटर कापड शिंप्याकडून मागून आणावं आणि शर्टांबरोबरच धूत जावं. कॉलर फाटली की नवी त्याच कापडाची शिवता येते, आणि ती बाकीच्या शर्टाइतकीच धुतलेली असल्यामुळे छटा जुळते.