शिवारातलं आरोग्य (भाग ९) : काय चावलं, की कधी चावलं?

जळकोट तालुका डोंगरी. बालाघाटाच्या उतारांवरचं माळरान, बांधावरचं गुडघाभर गवत, ओढ्याकाठची झुडपं. पावसाळा सरत आला की सकाळी फिरायला निघणारे, सोयाबीनच्या रानात दिवसभर खपणारे आणि शेळ्या-मेंढ्यांमागे माळ तुडवणारे अशा सगळ्यांचे पाय याच गवतातून जातात. मागच्या भागात साचलेल्या पाण्यातून पसरणारे ताप आपण पाहिले. आता गवतातून येणाऱ्या दुखण्यांकडे वळू. घरी आल्यावर पोटरीवर किंवा कमरेला लाल ठिपका दिसतो. चावणारा कुणी पाहिलेला नसतो, आणि घरात पहिला प्रश्न निघतो, ‘काय चावलं?’ कुणी कोळी म्हणतं, कुणी गोम, कुणी दबक्या आवाजात पान लागल्याची शंका बोलून दाखवतं. या प्रश्नाच्या उत्तरावर उपचार फार क्वचित अवलंबून असतो, असं माझं मत आहे. चावा कधी आणि कुठे लागला आणि पुढे अंगात काय काय, किती वेळानं घडत गेलं, यावर तो ठरतो. या हकिकतीकडे दुर्लक्ष करून आपण चोर शोधत बसतो आणि उपचाराची वेळ हातची घालवतो.

चावणारा प्राणी ओळखण्याची आपली रीत किती कच्ची आहे, हे आधी पाहू. अमेरिकेत कातडीवरच्या प्रत्येक चिघळलेल्या जखमेचा दोष ‘ब्राऊन रिक्लूज’ या विषारी कोळ्याला देण्याची सवय डॉक्टरांनाही जडली होती. जिथे हा कोळी आढळतच नाही, अशा भागांतही त्याच्या चाव्यांची निदानं होत होती. मग कॅन्सस राज्यातल्या एका घराची नोंद २००२ साली प्रसिद्ध झाली. चौघांचं कुटुंब राहत असलेल्या त्या घरात सहा महिन्यांत याच जातीचे २,०५५ कोळी सापडले होते आणि घरातल्या एकालाही चावा लागलेला नव्हता. कोळ्याच्या नावावर खपलेल्या कित्येक जखमा प्रत्यक्षात जंतुसंसर्गाच्या निघाल्या. आपल्याकडेही पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा नारिंगी-काळा लांबुडका किडा मानेवर चिरडला जातो. सकाळी तिथे भाजल्यासारखा लाल पट्टा उठतो आणि ‘रात्री काहीतरी चावलं’ असं ठरतं. तो किडा चावतच नाही. चिरडल्यावर त्याच्या अंगातला दाहक रस कातडीला लागतो, इतकंच. जखमेकडे पाहून प्राण्याचं नाव घेणं म्हणजे बहुतेक वेळा अंदाजच असतो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. जेवढं दुखतं तेवढं विष, असं आपण धरून चालतो. याचं सर्वांत सबळ उत्तर मराठवाड्याच्याच एका सुपुत्रानं दिलं आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडच्या परिसरात लाल विंचवाच्या दंशाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि १९८२ सालापासून ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात तो मांडला. जागेवर असह्य कळा आहेत पण बाकी अंगात काही नाही, अशा रुग्णाच्या जिवाला सहसा धोका नसतो. वेदना बेताच्या असल्या तरी दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणं सुरू झालं, तर हृदयावर संकट आलेलं असतं. लक्षणांचा हा क्रम वाचता आल्यामुळेच प्राझोसिन हे औषध वेळेवर देता येऊ लागलं आणि या दंशाच्या गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आलं. विंचू डब्यात घालून आणायची गरज त्यात कुठेच नव्हती. मण्याराची तर गोष्टच वेगळी. रात्री जमिनीवर झोपलेल्याला तो चावतो तेव्हा पुष्कळदा ना कळ, ना सूज, ना नीट दिसेल असा व्रण. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं आणि पुढे श्वास थकतो. ‘दुखत नाही ना, मग झोप’ हा सल्ला इथे जीव घेतो.

यावर कुणी म्हणेल, सापाच्या बाबतीत तरी कोणता साप हे कळायला नको का? आपल्या सरकारी रुग्णालयांत मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्रच चालते. ती द्यायची की नाही, हे डॉक्टर रुग्णाच्या अंगावरून ठरवतात. पापण्या पडताहेत का, सूज चढते आहे का, आणि काचेच्या कोरड्या नळीत घेतलेलं २ मिलिलिटर रक्त २० मिनिटांत गोठतं का, हे ते बघतात. घोणस, फुरशाच्या विषात ते गोठत नाही. साप मारून आणण्याच्या नादात दुसऱ्यालाही दंश होतो आणि तासभर जातो, तो वेगळाच. चावलेला हात-पाय न हलवता, आवळून न बांधता, चिरा न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठणं, एवढंच नातेवाइकांचं काम.

आता या लेखाचा खरा विषय. तासा-दोन तासांत अंगावर येणारे चावे निदान लक्षात तरी येतात. ज्या चाव्याचा परिणाम आठ-पंधरा दिवसांनी दिसतो त्याचं काय? २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात स्क्रब टायफसनं माणसं दगावली, तेव्हा महाराष्ट्रात या आजाराचं नाव घरोघर पोहोचलं. हा आजार पसरवते चिगर माइटची अळी. मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागाएवढी, सहा पायांची, नुसत्या डोळ्यांनी दिसणं मुश्कील. मोठे माइट मातीतच राहतात. अळी मात्र गवताच्या पात्यावर चढून बसते आणि जवळून जाणाऱ्या उंदराला किंवा माणसाला चिकटते. तिच्या लाळेतून ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हे जिवाणू शरीरात उतरतात. चावा कळत नाही, खाजतोच असंही नाही. सहा ते एकवीस दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. तोवर शिवारातली ती फेरी कुणाच्या ध्यानातही राहिलेली नसते. काहींच्या अंगावर एक खूण मात्र असते. विडीचा चटका बसावा तशी काळी, न दुखणारी खपली. ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा स्तनाखाली लपलेली असते. रुग्ण ती दाखवत नाही, संकोचापायी कुणी पाहतही नाही. बाईमाणसाच्या बाबतीत तर हमखास असंच होतं, आणि मला हे फार गंभीर वाटतं. कारण ती खपली दिसली तर निदान जवळजवळ तिथेच होतं.

हा आजार बरा होतो, म्हणून तर हळहळ अधिक. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यानं सैनिकांचे बळी घेतले, कारण त्यावर औषधच नव्हतं. १९४८ साली क्वालालंपूरला जोसेफ स्मॅडेल यांच्या चमूनं क्लोरॅम्फेनिकॉलनं रुग्ण बरे होतात हे दाखवलं. आज डॉक्सीसायक्लिन ही स्वस्त गोळी लवकर सुरू झाली तर ताप सहसा दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन देतात. आजार गंभीर झालेल्यांना दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिल्यास जास्त फायदा होतो, हे भारतीय रुग्णालयांतल्याच एका मोठ्या चाचणीनं २०२३ साली सिद्ध केलं. पण एरवी कोणत्याही तापात दिली जाणारी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं यावर चालत नाहीत, कारण हे जिवाणू आपल्या पेशींच्या आत दडून बसतात. तीन-चार दिवस त्या गोळ्यांत गेले की फुप्फुसं, मूत्रपिंड आणि मेंदूपर्यंत आजार पोहोचू शकतो. रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात दगा देऊ शकते, म्हणून जाणते डॉक्टर संशयावरूनच औषध चालू करतात. हा संशय यायला त्यांना रुग्णाकडून हकिकत मिळावी लागते.

‘विदर्भातला आजार, आमच्या जळकोटला काय त्याचं?’ हा आक्षेप मला पटत नाही. उंदीर, ओलसर गवत, विरळ झुडपं आणि त्यांत राबणारी माणसं आपल्याकडेही आहेत, आणि हा आजार हिमालयाच्या पायथ्यापासून तमिळनाडूपर्यंत आढळला आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रत्येक लाल ठिपक्यासाठी माणसं उदगीर-लातूरला धावू लागली तर मजुरी बुडेल आणि दवाखानेही तुंबतील. हे खरं आहे, आणि म्हणूनच वेळेचं भान हवं. गांधीलमाशी किंवा मधमाशी डसल्यावर तासाभरात ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, दम लागला तर क्षणभरही थांबू नये. तिथे ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं. जमिनीवर झोपलेला माणूस ‘काहीतरी चावलं’ म्हणत उठला तर दुखो न दुखो, त्याला दवाखान्यातच ठेवावं. दोन-चार दिवसांनी लाली पसरली, जागा गरम लागली, पू धरला तर तो जंतुसंसर्ग समजून दाखवावं. बाकी बहुतेक ठिपके साबण-पाण्यानं धुऊन, न खाजवता आठवड्यात जातात. मांत्रिकाचा उतारा लागू पडल्यासारखा वाटतो तो याचमुळे. पुष्कळ किडे बिनविषारी, कित्येक साप बिनविषारी आणि विषारी सापाचाही काही वेळा कोरडा, म्हणजे विष न सोडता घेतलेला चावा. बरं होणारच होतं त्याचं श्रेय त्याला मिळतं आणि मण्यार चावलेल्याचा नंबर लागतो तेव्हा रात्र सरलेली असते.

उरला प्रश्न सावधगिरीच्या गोळीचा. चावल्याबरोबर एखादी अँटिबायोटिक किंवा ‘सुई’ मागून घेणं ही सावधगिरी नव्हे. तिनं विष उतरत नाही, आणि चुकीची गोळी पुढच्या निदानात गोंधळ घालते. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल न ओतता, काडीनं न जाळता, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. गवतातून आल्यावर कपडे बदलून आंघोळ करावी आणि अंग नीट न्याहाळावं, लेकराबाळांचंसुद्धा. ठिपका दिसलाच तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करून ठेवा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा, ‘अमक्या दिवशी गवतात गेलो होतो.’ आणि अंगावर कुठे काळी खपली असेल तर ती लाज न धरता दाखवा.