थापी हाती घेणारा तरुण टिकेल कसा?

राजर्षी शाहू महाराजांचे जन्मस्थान असलेल्या आपल्या कसबा बावड्यात घरांची बांधकामे सतत चालू असतात. तरीही ‘चांगला गवंडी मिळत नाही’ ही तक्रार जिकडे तिकडे ऐकू येते. दुसरीकडे आपली मुले नोकरीच्या जाहिरातींकडे डोळे लावून बसतात. त्यांना आळशी म्हणून हा प्रश्न सुटणार नाही.

बांधकामात नवशिक्याला पुढची पायरी दिसत नाही. मुलगा बिगारी म्हणून लागतो, माल कालवतो, विटा वाहतो. हाती थापी आणि ओळंबा केव्हा येणार, हे मुकादमाच्या मर्जीवर. स्त्रियांच्या डोक्यावरची पाटी तर बहुधा जन्मभर उतरत नाही. पावसाळ्यात काम मंदावते. शिवाय केलेल्या कामाची नोंद कोठेच राहत नाही. आम्ही बँकेत काम करतो म्हणून हे जवळून पाहतो. दहा वर्षे राबलेल्या कारागिराला कर्ज हवे असते, पण मजुरी रोख घेतल्यामुळे उत्पन्नाचा पुरावा नसतो. शिपायाला मात्र पगारपत्रक दाखवता येते. मग आईवडिलांनी मुलाला शिपाई हो म्हटले, तर नवल ते काय?

यावर उपाय आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. 1961 च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते. 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार बांधकाम खर्चावर उपकर बसला आणि त्यातून कामगारांसाठी कल्याणकारी मंडळे झाली. महाराष्ट्राचे मंडळ 2011 मध्ये स्थापन झाले. हा विषय आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. वय 18 ते 60 असलेल्या आणि मागील 12 महिन्यांत 90 दिवस काम केलेल्या कामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेत उपलब्ध आहे.

परंतु 90 दिवसांचा दाखला मिळाला नाही, तर नोंदणीच अडते. म्हणून घर बांधणाऱ्या सभासदांना आमची विनंती आहे की, कामगारांना दाखले दिलेत काय, मजुरी खात्यावर जमा होते काय आणि नवशिक्याला काम कोण शिकवतो, हे तीन प्रश्न कंत्राटदाराला अवश्य विचारावेत. विद्यार्थी मित्रांनीही गल्लीतील कामगारांचे अर्ज भरून द्यावेत. ज्या कामाची नोंद राहते आणि ज्यात पुढची पायरी दिसते, त्या कामात तरुण टिकतो.