नक्षी तेवढी ठेवली

सोलापुरात कॅन्सरचं नाव निघालं की घरात पुढचा शब्द ‘टाटा’ असतो, म्हणजे मुंबईचं टाटा हॉस्पिटल. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये रिपोर्टांची पिशवी सांभाळत बसलेलं कुणी ना कुणी दिसतंच. सहा वर्षांपूर्वी मीही तसा बसलो होतो. पिशवी शेजारच्या अण्णांची. त्यांचा जन्म पूर्व भागात चादरीच्या मागावर गेला. जुलाब आणि तोंडावर उसळणारी लाली यांवर दोन वर्षं पित्ताच्या गोळ्या चालल्या, आणि मग यकृतातल्या गाठीच्या तपासणीत ‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ निघाला. इरफान खाननं २०१८ साली स्वतःच्या आजाराचं जे नाव जाहीर केलं होतं, तेच. मी रसायनशास्त्राचा मास्तर. त्या रात्री पेप्टाइडांचा जो नाद लागला, तो आजही सुटलेला नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमिनो आम्लांची लांबलचक माळ म्हणजे प्रथिन, आखूड माळ म्हणजे पेप्टाइड. काही कॅन्सरपेशींच्या अंगावर ठरावीक पेप्टाइड पकडणारे ग्राहक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतात. पेप्टाइड लहान असल्यामुळे गाठीत चटकन शिरतं आणि उरलेलं लघवीवाटे लवकर निघून जातं.

आता माझ्या आवडीची गोष्ट. १९७३ साली रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूतून सोमॅटोस्टॅटिन हे चौदा अमिनो आम्लांचं संप्रेरक वेगळं काढलं गेलं. अण्णांसारख्या गाठींवर याचेच ग्राहक दाटीनं असतात. पण औषध म्हणून ते निरुपयोगी, कारण रक्तातली विकरं दोन-तीन मिनिटांत त्याचा निम्मा साठा फस्त करतात. मग स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी कात्री घेतली. ग्राहकाला खरी ओळख पटते ती फेनिलअॅलानिन, ट्रिप्टोफॅन, लायसिन आणि थ्रिओनिन या सलग चौघांची. ते चार ठेवले, भोवतालचं छाटलं, वळण टिकावं म्हणून गंधकाचा टाका घातला. शिवाय दोन ठिकाणी अमिनो आम्लाचं आरशातलं रूप बसवलं. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात जात नाही, तसं विकराला ते चावताच येत नाही. १९८२ साली जगापुढे आलेलं हे ऑक्ट्रिओटाइड आठच मण्यांचं, आणि रक्तात निम्मं व्हायला त्याला सुमारे दीड तास लागतो.

गाडीत मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हंजे काय ओ सर, चादर कापली पन नक्षी तेवढी ठेवली.’’ पस्तीस वर्षं शिकवून मला इतकं नेमकं वाक्य सुचलं नव्हतं.

या आठ मण्यांत किंचित फेरफार करून एका टोकाला ‘डोटा’ नावाचा रेणवीय पिंजरा जोडला की डोटाटेट तयार होतं. पिंजऱ्यात गॅलियम-६८ ठेवलं की पेट स्कॅनवर गाठी उजळतात. त्याच पिंजऱ्यात ल्युटेशियम-१७७ ठेवलं की उपचार. ग्राहक पेप्टाइडला पकडून पेशीच्या आत ओढून घेतो आणि आत गेलेलं ल्युटेशियम फार तर दोन मिलिमीटरच्या टप्प्यात मारा करतं. जे दिसलं त्यालाच गाठायचं, याहून देखणी कल्पना मी वैद्यकात पाहिलेली नाही. मात्र स्कॅनवर गाठ उजळली नाही तर या औषधाचा उपयोग नाही, हेही रुग्णाला आधीच सांगायला हवं.

हे ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं, याचा मला फार अभिमान वाटतो. निसर्गातल्या ल्युटेशियमचा जेमतेम २.६ टक्के भाग असलेलं ल्युटेशियम-१७६ समृद्ध करून भट्टीत ठेवतात. एक न्यूट्रॉन गिळला की ते १७७ होतं. परळला टाटाच्या अॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि तिथे हा उपचार वर्षानुवर्षं चालतो. अमेरिकेनं या उपचाराला मान्यता दिली ती जानेवारी २०१८ मध्ये.

अण्णांनाही हाच उपचार मिळाला. औषधाच्या आधीपासून त्यांना लायसिन आणि आर्जिनिनचं सलाइन लावलं होतं. मूत्रपिंडं पेप्टाइड परत शोषून घेऊ पाहतात. या अमिनो आम्लांत ती गुंतून राहिली की किरणांची झळ कमी बसते.

आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ पासून कॅन्सरची नोंद ठेवतात. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी झुंजताना तिथल्या मंडळींनी गावंच्या गावं पालथी घातली. पण अण्णांसारखा आजार दुर्मीळ, म्हणून तो पित्ताच्या नावाखाली दडून राहतो. जुलाब आणि चेहऱ्याची लाली सोबत दिसली, तर गावातल्या डॉक्टरांनी एकदा तरी या गाठीची शंका घ्यावी, असं मला कळकळीनं वाटतं.

परतीच्या गाडीत अण्णांचा एकच प्रश्न होता, ‘‘नातीला मांडीवर कधी घ्यायचं?’’ दर साडेसहा-पावणेसात दिवसांनी ल्युटेशियम निम्मं होतं आणि बरंचसं लघवीतून आधीच जातं, असं मी सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरांनी नेमून दिलेले दिवस कालनिर्णयवर पेन्सिलीनं मांडले. नात रोज उंबऱ्यापलीकडे बसायची, आणि अण्णा तिच्यादेखत एकेक चौकोन खोडायचे.