गच्चीवरील वीज

आमच्या गच्चीवर सोलर पॅनेलें बसल्यापासून प्रत्येक पाहुणा हटकून विचारतो, "मास्तर, आतां वीज गेली तरी तुमचे दिवे चालूच ना?" नाहीं! बाहेरची वीज जातांच आमचीहि यंत्रणा आपोआप थांबते. हा दोष नव्हे; खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनच्या अंगांत आमच्या गच्चीवरील प्रवाह शिरूं नये, म्हणून केलेली ती तजवीज आहे. अंधार टाळावयाचा तर बॅटरीची निराळी सोय हवी, आणि ती खर्चाची बाब आहे. विक्रीस आलेला गृहस्थ हें आपण होऊन सांगेलच असें नाहीं. आम्हांस तरी सांगितलें नव्हतें.

एका किलोवॅटास सुमारें १०० चौरस फूट मोकळी जागा लागते, व दिवसास सरासरी ४ युनिटें मिळतात. पावसाळ्यांत बरींच कमी. तोंड दक्षिणेस असावें. सावली मात्र मोठी वैरीण! एका पॅनेलवर झावळीची सावली पडली, तरी त्याच ओळींत जोडलेल्या इतरांचीहि वीज घटूं शकते. वडिलांनीं लावलेला नारळ तोडावा, असें चिरंजीवांचें म्हणणें पडलें. दोन दिवस घरांत अबोला होता. शेवटीं पॅनेलेंच दहा फूट सरकविलीं.

धुणें सकाळींच, कांच थंड असतां. क्षाराचें पाणी वाळूं दिल्यास पांढरे डाग राहतात. आमचा नातू संध्या आटोपून, सूर्यास अर्घ्य देऊन, मग बादली घेऊन गच्चीवर जातो.