ऑपेरा हाउसमधील मैफल : ऐकणाऱ्यालाही हवी तयारी

नागपूर : विदर्भ एक्स्प्रेसने सायंकाळी निघालेला नागपूरकर सकाळी मुंबईत उतरतो. दिवसभरात काम आटोपते आणि सायंकाळ मोकळी राहते. अशा वेळी गिरगावातील रॉयल ऑपेरा हाउसमध्ये पाश्चात्त्य संगीताची छोटेखानी मैफल असेल, तर ती ऐकण्याची संधी दवडू नये. मात्र त्या संगीताचे आणि त्या वास्तूचे संकेत आधी ठाऊक असले, तर आनंद द्विगुणित होतो.

‘चेंबर म्युझिक’ म्हणजे मुळात दिवाणखान्यातील संगीत. आपल्या बैठकीशी त्याचे जवळचे नाते आहे. वादक मोजकेच, प्रत्येकाचे सूर स्वतंत्र आणि वाद्यवृंदासारखा संचालक नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो यांचे चतुष्टय हा त्याचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार. अठराव्या शतकात हायडन यांनी त्याला घाट दिला. चौघे वादक एकमेकांच्या नजरेवर आणि श्वासावर लय सांभाळतात.

फरक आहे तो दाद देण्यात. वसंतराव देशपांडे यांच्या नागपुरातील रसिक समेवर उत्स्फूर्त ‘वाहवा’ देतो. गायकही त्या दादेवर फुलतो. कारण बैठकीत राग तिथल्या तिथे उलगडत असतो. चतुष्टयाची रचना मात्र आधीच स्वरलिपीत बांधलेली असते. तिचे बहुधा चार भाग असतात. दोन भागांमधील शांतता हाही रचनेचाच अंश मानला जातो. म्हणून टाळ्या शेवटच्या भागानंतरच वाजवाव्यात. शंका आल्यास वादकांनी गज खाली घेईपर्यंत थांबावे. उशिरा येणाऱ्यास सहसा दोन भागांच्या मध्येच आत सोडले जाते. तेव्हा वेळेआधी पोहोचणे इष्ट.

वास्तूही तितकीच ऐकण्याजोगी आहे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात नटाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत जावा, हीच तिच्या बांधणीची कसोटी होती. बालगंधर्वांनी हा रंगमंच गाजवला, पृथ्वीराज कपूर यांची नाटके येथे झाली. पुढे ती चित्रपटगृह बनली. एकपडदा चित्रपटगृहांच्या उतरत्या काळात, १९९३ मध्ये तिचे दरवाजे बंद झाले. गोंडलच्या राजघराण्याकडे मालकी असलेल्या या वास्तूचा वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पडदा पुन्हा उघडला. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्काराने या कामाची नोंद घेतली.

तेवीस वर्षांच्या या मौनाने एक गोष्ट अधोरेखित केली आहे. नक्षीदार छत आणि झुंबरे दुरुस्त करता येतात; पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर वास्तू पुन्हा मुकी होते. प्रवासातील एक सायंकाळ आणि एक तिकीट एवढाच त्यावरचा उपाय आहे. तो रसिकाच्या हाती आहे.